घरटी एक वांगं

मंडळी, ऐका. अभंग झाला, निरूपण झालं, मागच्या रांगेतल्या दोघांची एक डुलकीही काढून झाली. आता आख्यान लावतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. घाईनं दिलेलं उत्तर बहुधा शेजाऱ्याचं असतं.

अभिमान वाईट का हो?

हलल्या! सगळ्यांच्या माना हलल्या! वाईट म्हणे. बरोबर आहे, आमच्यासारख्या बुवांनीच शिकवलंय ना तुम्हाला. अभिमान सोडा, अहंकार सोडा – आणि सांगणारा बुवा फेटा बांधायला आरशापुढून हलत नाही! मी सरळ सांगतो. मला अभिमान आहे. माझ्या गळ्याचा आहे, या गणपतबुवांच्या मृदंगाचा आहे, आणि माझ्या आजोळच्या भरताचा तर विचारूच नका. भरीत म्हणजे आपलं वांग्याचं. त्या बाई हसल्या बघा. हसा. उद्या चंपाषष्ठी आहे, उद्या तुम्हीही भरीतच करणार आहात.

तर माझं आजोळ जांभूळमाळ. अगदी सीमेवर. ओढ्याच्या अलीकडे मराठी, पलीकडे कानडी, आणि ओढ्यातल्या म्हशींना दोन्ही येतात. गावाचा देव मल्हारी. आता तुम्हाला माहीत आहे, चातुर्मास लागला की वांगं बंद, कांदा बंद, लसूण बंद. मग षष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि तोंड मोकळं करायचं. तुमच्याकडे घरोघरी करतात. जांभूळमाळला तसं नाही. तिथं सगळ्या गावाचं भरीत एकाच काठवटीत होतं!

कसं? पंचमीच्या सकाळी देवळातून पाटी निघते. पुढं हलगी, मागं पाटी. प्रत्येक दारात थांबायचं आणि घरटी एक वांगं घ्यायचं. एकच! ज्याचा वांग्याचा मळा आहे त्याचं एक, आणि जिनं फुटक्या घमेल्यात एक रोप जगवलंय तिचंही एक. दारात हलगी वाजली, पाटीत वांगं पडलं, की ते घर गावाचं. बाकी कुठला दाखला लागत नाही. मग तुराट्यांच्या जाळावर ती सगळी वांगी भाजतात, साली काढतात आणि काठवटीत एकत्र ठेचतात. आता ओळखा बरं, पाटलाचं कुठलं आणि फुटक्या घमेल्यातलं कुठलं? अहो, ब्रह्मदेवाला नाही ओळखता यायचं!

हे भरीत करायचा मान चांगुणाबाईच्या घराण्याचा. तिच्या सासूचा, तिच्या आजेसासूचा, तिच्याही आधीपासूनचा. चांगुणाबाई म्हणजे उंच, काटक, कपाळावर आडवा भंडारा, आणि तोंड – मिरचीच्या दुकानात ठेवावं असं! पण हात? काय सांगू तुम्हाला! हिरवी मिरची तव्यावर चटके देऊन घ्यायची, लसणाबरोबर पाट्यावर भरड वाटायची, वांगं कधी पाण्याखाली धरायचं नाही, साल हातानंच सोलायची, चटका बसला तर बसू द्यायचा. शेंगदाणे अर्धेच कुटायचे. आणि मीठ आधी, कांद्याची पात शेवटी. ते भरीत खाताना डोळ्यांतून पाणी यायचं, नाकातून यायचं, पण हातातला घास कुणी खाली ठेवायचा नाही. शेजारच्या गावचे लोक षष्ठीला पाहुणे म्हणून यायचे आणि सोयरीक जुळवायला आलो म्हणून सांगायचे. खोटं! भरतासाठी यायचे.

आणि आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. नैवेद्याचं भरीत चाखायचं नाही. मीठ पुरलं का, तिखट लागलं का, बोटावर घेऊन बघायचं नाही. तोंडाला फडकं बांधून करायचं. सगळा भरवसा हातावर आणि नजरेवर. तिथं ही चांगुणाबाई! साऱ्या हयातीत तिचं मीठ कधी चुकलं नाही. कशी हो माणसाला अभिमान होणार नाही?

चांगुणाबाईला एकच लेक. शेवंता. लहानपणापासून पाट्याच्या पलीकडे आईसमोर बसलेली. आईनं कधी "हे असं कर" म्हणून शिकवलं नाही, पण पोरीनं बघून बघून सगळं उचललं. आई म्हणायची, माझ्यामागं मान हिचाच.

मग एका उन्हाळ्यात गावात बोअर मारायची गाडी आली. गाडीबरोबर माणसं आली, माणसांत एक मैलारप्पा. ओढ्याच्या पलीकडून बऱ्याच लांबचा, कानडी मुलखातला. बोअरला पाणी लागलं की गाडी पुढच्या गावाला जाते. गाडी गेली. हा राहिला! का राहिला ते तरण्या पोरांनी मला विचारू नये. शेवंतानं आणि त्यानं तालुक्याला कचेरीत जाऊन लग्न केलं आणि गावाबाहेर ओढ्याच्या काठाला स्वतःची बोअर मारून, पत्र्याचं घर बांधून राहिली.

चांगुणाबाईनं काय केलं? रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तोंड बंद केलं. शेवंताशी अबोला. पाणवठ्यावर समोर आली तर झाडाकडे बघायचं, देवळात समोर आली तर कळसाकडे बघायचं. आणि पुढच्या पंचमीला पाटी निघाली तेव्हा हलगीवाल्याला बजावून सांगितलं की ओढ्याकाठचा उंबरा गावाचा नाही, तिथं थांबायचं नाही. मानकरणीचा शब्द! कोण मोडणार?

मंडळी, शेवंता दारात उभी. हातात ताट, ताटात हळदकुंकू लावलेलं एक वांगं. हलगी जवळ आली, दारावरून गेली, लांब गेली. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. ते वांगं ती घरात शिजवायची नाही. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर ठेवून यायची, आणि सकाळी कुणाची तरी गाय ते खाऊन टाकायची. नवरा म्हणायचा, कशाला उभी राहतेस? त्याच्या घराभोवती वांग्याची दोन वाफे झाडं फळांनी वाकलेली, पण त्यांतलं एक पाटीत पडत नव्हतं. मजा बघा! त्याचं नाव मैलारप्पा. मैलार म्हणजे कोण? आपला मल्हारीच की हो, पलीकडचं त्याचं नाव. ज्याला आईबापांनी देवाचं नाव दिलं, त्याच्या घरचं वांगं देवाला चालत नाही! देवाला विचारलं होतं का कुणी?

आता चौथं वर्ष. मी त्या वर्षी तिथं होतो, षड्रात्रात, म्हणजे षष्ठीपर्यंतच्या सहा रात्री, माझं कीर्तन होतं, म्हणून ऐकीव सांगत नाही. प्रतिपदेलाच चांगुणाबाई गोठ्यात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर! गावात एकच बोंब, भरताचं काय? जाणती माणसं तिच्याकडे गेली, म्हणाली, कुणाचं तरी नाव सांग. ती म्हणाली, मी डाव्या हातानं करीन. मुसळ उचलायला गेली आणि उचलेना. जाणती माणसं उठली आणि तिला न सांगता ओढ्याकडे गेली.

मैलारप्पा चिडला. चिडणारच! तो बायकोला म्हणाला, यांना आपलं वांगं चालत नाही, तुझे हात बरे चालतात? जाऊ नको. बरोबर आहे का नाही त्याचं? मी असतो तर पाटावरून उठलो नसतो. शेवंतानं जाणत्यांना एवढंच विचारलं की यंदा पाटी दारात थांबेल का. ते खाली बघायला लागले. मग ती म्हणाली,

"वांगं नको तर नको. पण देवाचं भरीत बिघडलं तर नाव माझ्या आईचं जाईल. हात घेऊन येते मी."

लोक म्हणाले, हिला काही अभिमानच नाही. अरे, अभिमान नाही? तुम्हाला अभिमान दिसतच नाही का? फुगला तरच दिसतो का तुम्हाला?

षष्ठीची सकाळ. देवळामागं तुराट्यांचा जाळ. मोठ्या काठवटीपाशी शेवंता, शेजारी पाटावर चांगुणाबाई, हात गळ्यात अडकवलेला. दोघींच्या तोंडाला फडकी. आणि मधे तीन वर्षांचा अबोला! ज्या दोघींना बोलायचं नव्हतं त्यांची तोंडं देवाच्या नियमानंच बांधलेली. केवढी सोय!

शेवंताचे हात काय चालले म्हणून सांगू! मी सोवळ्यात लांब उभा होतो. वांगं सोलणं तेच, मिरची वाटणं तेच, मुसळाचा ठेका तोच. चांगुणाबाई टक लावून बघत होती, आणि मी शपथेवर सांगतो, फडक्यावरचे तिचे डोळे फुलून आले होते. पण लगेच तिनं मान फिरवली, आणि गोवऱ्यांत रोडगे भाजत होते ते बघायला उठून गेली.

तेवढ्यात शेवंतानं मूठ भरून मीठ घातलं, मिसळलं, आणि कांद्याची पात आणायला विहिरीकडे गेली.

चांगुणाबाई परत आली. मीठ पडलेलं तिनं बघितलंच नव्हतं. बघते तर भरीत सारखं केलेलं, आणि लेक विहिरीवर पाठमोरी पात धुतेय. तिच्या मनात आलं, मीठ विसरली ही! आपल्या घरची रीत मीठ आधी, पात नंतर. त्या उपऱ्याच्या घरात राहिली आणि रीत सोडून बसली. आता विचारायचं की नाही? "मीठ घातलंस का गं?" चार शब्द, मंडळी! फडक्यातूनसुद्धा ऐकू गेले असते. पण चार शब्द बोलले तर अबोला मोडतो. मग अबोला राखला आणि डाव्या मुठीनं मीठ उचललं. सवय उजव्या हाताची. डाव्याची मूठ मापात कुठली? बदाबदा पडलं! तिनं घाईनं ते मिसळलं आणि पदराला हात पुसला.

शेवंता आली, पात घातली, कोथिंबीर घातली. चाखायचं तर नाहीच!

आरती झाली, येळकोट झाला, भंडारा उधळला, देवाला ताट दाखवलं. बाहेर पंगत बसलेली, माळापर्यंत पत्रावळी मांडलेल्या. पहिला घास मानाचा, तुळजाराम वाघ्याचा. म्हातारा वाघ्या, गळ्यात कवड्यांची माळ. त्यानं घास तोंडात घातला. डोळे मिटले. मी म्हटलं, समाधी लागली! कसली समाधी? प्रसाद थुंकता येत नाही म्हणून त्यानं तो कसाबसा गिळला, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बुवा, मीठ... मिठागर आहे."

अशी गोष्ट कानात राहते का? पंगतीच्या शेवटच्या पत्रावळीपर्यंत पोचली. आणि मंडळी, माणसाचं तोंड कसं असतं बघा. इतकी वर्षं हे भरीत खाल्लं, पण कुणी म्हटलं नाही की चला, एखाद्या वर्षी चुकतं. सगळ्यांनी शेवंताकडे बघितलं. एक जण म्हणाला, उपऱ्याच्या चुलीवर हात गेला की असंच व्हायचं. दुसरा म्हणाला, आता हिला देवळाची पायरी बंद करा. जी जाणती माणसं तिला बोलवायला गेली होती, त्यांना अचानक पत्रावळीच्या काड्या मोजायचं काम लागलं.

शेवंता उभी. तिला माहीत होतं, आपली मूठ चुकलेली नाही. मग तिची नजर आईच्या डाव्या हाताकडे गेली. बांगड्यांत मीठ अडकलेलं! तिला सगळं कळलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. बोलली नाही. आईचं नाव भर देवळात खाली पाडायचं नाही, म्हणून पायरी जाऊ दिली, गाव जाऊ दिलं, पण तोंड उघडलं नाही. मान खाली घातली आणि चप्पल शोधायला लागली.

आणि चांगुणाबाई? तिलाही कळलं होतं. तिच्याएवढं कुणाला कळणार? आता तिला काय करायचं होतं सांगा? काही नाही! गप्प बसायचं! तीन वर्षं गप्प होती, आणखी एक दिवस. मान राहतो, नाव राहतं, ओढ्याकाठचा उंबरा कायमचा तुटतो. मला वाटलं, बसते ही गप्प.

तिनं डाव्या हातानं तोंडावरचं फडकं ओढून काढलं.

"मीठ मी घातलं. हिनं घातलं होतं, बरोबर घातलं होतं. त्यावर मी घातलं. इचारलं असतं तर लेकीशी बोलावं लागलं असतं. म्हणून इचारलं न्हाई. देवाचं ताट मी नासवलं, हिनं न्हाई."

शेवंतानं आईकडे बघितलं, पण चांगुणाबाई अजून तिच्याशी बोललेली नव्हती. गावाशी बोलली होती. आणि सगळं गाव पत्रावळीपुढं उपाशी! भरीत दुरुस्त करायचं तर वांगी हवीत, बिनमिठाची, पाटी भरून. आणायची कुठून? गावानं घरटी एक देऊन टाकलेलं. त्यातून वर्षभर पडलेला दुष्काळ, झाडाला कुणाच्या काही उरलेलं नाही. बोअरच्या पाण्यावर जगलेली झाडं फक्त एका दारात होती, आणि ते कुठलं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

चांगुणाबाईनं रिकामी पाटी उचलली, डाव्या कमरेवर घेतली आणि चालायला लागली. हलगीवाला धावला, मी जातो म्हणाला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं. सगळ्या पंगतीच्या मधून, ताठ मानेनं! मीही मागं निघालो. दुसऱ्याचं फुकटचं कीर्तन कुठला बुवा सोडेल?

ओढ्याकाठी मैलारप्पा दाराबाहेर बसून पाइप जोडत होता. सासू पहिल्यांदाच दारात. तो उठून उभा राहिला. ती उंबऱ्याच्या बाहेर थांबली, दम खाल्ला आणि म्हणाली,

"जावईबापू, पाटी आलीय. तुमच्या घरचं वांगं ऱ्हायलंय."

तो वळून आत गेला. मंडळी, मी म्हटलं, आता दार लावतो. लावलं असतं तरी मी त्याला बोल लावला नसता. तीन वर्षं बायकोला दारात उभं बघितलं होतं त्यानं! घटकाभरानं बाहेर आला. हातात ताट. ताटात हळदकुंकू लावलेलं एकच वांगं. ते दोन्ही हातांनी उचलून त्यानं पाटीत ठेवलं आणि म्हणाला,

"हे घराचं, अत्ती. आता भरताची काढू."

अत्ती म्हणजे त्यांच्याकडे सासू. बघितलंत? गडी पाटी भरून एकदम देऊ शकत होता. नाही दिली! आधी घराचं एक. गावाला अडचण आली म्हणून घेतलेलं वेगळं आणि घरटी म्हणून घेतलेलं वेगळं. याला म्हणतात अभिमान! मग तो तोडायला लागला, आणि त्याच्या शेजारी वाकून, एका हातानं, काटेरी देठ बोटांत रुतवून घेत चांगुणाबाईही तोडायला लागली.

पुन्हा जाळ पेटला. पुन्हा वांगी भाजली, साली निघाल्या, काठवटीतल्या त्याच खारट भरतात मिसळली. या वेळी दोघींच्या तोंडाला फडकी होती, पण फडक्यांआडून काय बडबड चालली होती! तीन वर्षांचं तुंबलेलं! भाज, उलट, जळतंय बघ, तू बस गं, मला कळतंय. वाघ्यानं देवाला दुसऱ्यांदा ताट दाखवलं. दुपार पार कलली होती. मल्हारीला त्या षष्ठीला दोन नैवेद्य झाले, आणि त्यातला कुठला त्यानं खाल्ला यावरून जांभूळमाळला अजून भांडणं होतात.

वाढायला चांगुणाबाई स्वतः उठली. डाव्या हातानं वाढू नये म्हणतात, म्हणून शेवंता वाढत होती आणि आई तिच्यापुढं पंगतीतून चालत होती. मघाशी पायरी बंद करा म्हणणारा बसला होता ना, बरोबर त्याच्यापुढं थांबली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पोटभर खा. माझ्या लेकीच्या हातचं हाय."

आता तुम्ही विचाराल, बुवा, चव कशी होती? खोटं सांगत नाही. थोडं खारटच होतं हो! एवढं मीठ कुठं जाणार? पण डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि कुणी घास खाली ठेवला नाही. मी तर तीनदा घेतलं.

मग आता सांगा, अभिमान वाईट का? लेकीला हाताचा अभिमान होता म्हणून ती अपमान गिळून आली. जावयाला उंबऱ्याचा होता म्हणून त्यानं आधी एकच वांगं दिलं. आणि आईला आपल्या नावाचा एवढा होता, की चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडून ते राखणं तिला परवडलं नाही. खुशाल अभिमान धरा! कामाचा धरा, घराचा धरा, गावाचा धरा. पण जो अभिमान घरच्या माणसाला चार शब्द विचारू देत नाही, तो तुमचा नाही. तो कुठून तरी येऊन तुमच्या घरात बसलाय. खरा उपरा तो, त्याला बाहेर काढा.

माना हलवू नका आता. मघाशीही हलवल्या होत्या. मला इथून सगळं दिसतं. त्या खांबाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन सख्खे भाऊ बसलेत, बांधावरून बोलणं बंद आहे. नाव घेत नाही. बायकांच्या बाजूला दोन जावा आहेत, एकीनं दुसरीकडे पाठ केलीय आणि दोघीही माझ्याकडे मोठ्या भक्तिभावानं बघतायत. माझ्याकडे कशाला बघता? उद्या दोघींच्या चुली वेगळ्या, भरतं वेगळी, आणि देव एकच!

टाळकरी, टाळ खाली ठेवा. गणपतबुवा, मृदंगावरचा हात काढा. येळकोट नंतर करू. आधी या चौघांतलं कुणीतरी शेजारच्याला काहीतरी विचारू दे. काहीही विचारा. जेवलास का विचारा. आम्ही थांबतो. मल्हारीची काळजी करू नका, तो त्या षष्ठीला दुपार कलेपर्यंत उपाशी थांबला होता.